कानात काय घालावं : बाहेरचा गोंगाट अडवणारे, न दुखणारे स्वस्त इअरफोन निवडताना

आमचं घर कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली लेथचं वर्कशॉप. सकाळी नऊला मशीन सुरू झालं की संध्याकाळी सातपर्यंत घूंऽऽ चालू, आणि मधूनमधून लोखंडावर हातोडा. माझं काम नेमकं ऐकण्याचं आहे. मुलाखती, बैठकांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि मराठीत टाइप करून द्यायची. दिवसाचे पाच-सहा तास कानात काहीतरी असतंच.

दीड वर्षात मी चार इअरफोन घेतले. पहिला ४९९ रुपयांचा, दुसरा २,९९९ चा, तिसरा ११०० चा. तिन्ही आता टेबलाच्या खणात पडून आहेत. चौथा १४०० चा, तो अजून कानात आहे. तो काही फार थोर नाही. त्याच्या टोकाला माझ्या कानाच्या मापाचं रबर बसलं, एवढाच त्याचा मोठेपणा. हे आधी कळलं असतं तर साडेचार हजार वाचले असते. तुमचे वाचावेत म्हणून मी ज्या क्रमाने चुकले, त्याच्या बरोब्बर उलट्या क्रमाने लिहिते.

१. आधी आपला गोंगाट ओळखा

गोंगाट ढोबळमानाने दोन जातींचा. एक सलग घूंघूं : पंखा, कंप्रेसर, एसटीचं इंजिन, कोयना एक्सप्रेसचा डबा. दुसरा तुटक आणि टोकदार : हॉर्न, हातोडा, कुकरची शिट्टी, शेजारच्यांचं बोलणं.

इअरफोन हा गोंगाट दोन रीतींनी अडवतात. पहिली रीत बाटलीला बूच लावल्यासारखी. कानाचं भोक रबराने घट्ट बंद झालं की आवाज आत येत नाही. वीज नको, बॅटरी नको. बुचाने टोकदार, उंच पट्टीचे आवाज चांगले अडतात, खर्जातले कमी. दुसरी रीत ‘एएनसी’ म्हणजे अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन. इअरफोनमधला छोटा माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि त्याच्या बरोबर उलटी लाट आत सोडतो, दोन्ही एकमेकींना मारतात. ही युक्ती खर्जातल्या सलग घूंघूंवर छान चालते. हातोड्याचा ठोका किंवा माणसाचं बोलणं तिच्या हाती नीट लागत नाही.

माझा २,९९९ चा इअरफोन एएनसीचा होता. लावल्या लावल्या मशीनची घूंघूं गेली आणि मी खूश झाले. दुपारी लक्षात आलं की घूंघूं गेल्यामुळे खालच्या मिस्त्रींच्या गप्पा उलट जास्त स्पष्ट ऐकू येताहेत. कुणाच्या मेहुण्याने म्हैस कितीला घेतली तेही मला कळलं.

तर रोज इचलकरंजी किंवा सांगलीला बसने जात असाल तर एएनसीचा विचार करा. अभ्यासिकेत बसणार असाल, जिथे खुर्च्या सरकतात आणि कुजबुज चालते, किंवा घरी टीव्ही आणि माणसं असतील, तर बूचवाला साधा इअरफोन घ्या. आणि एएनसी घेतला तरी रबर नीट बसलं नाही तर तो निम्म्याने निकामी होतो. म्हणजे पाचवी पायरी कुणालाच चुकत नाही.

इथे दोन सापळे आहेत.

पहिला ‘ईएनसी’. खोक्यावर मोठ्या अक्षरांत नॉइज कॅन्सलेशन लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत ईएनसी. दुकानदारही सांगतो, “हाय की ताई ह्यात, बॉक्सवर लिवलंय बघा.” त्याचं खोटं नसतं, पण ईएनसी हे माइकसाठी असतं. फोनवर बोलताना तुमच्या मागचा गोंगाट समोरच्याला कमी ऐकू जातो. तुमच्या कानाला त्याचा शून्य उपयोग.

दुसरा सापळा म्हणजे रबर नसलेले, कानाच्या तोंडाशी नुसते अडकणारे इअरबड. ते दुखत नाहीत हे खरं, पण ते काहीच बंद करत नाहीत. गोंगाट अडवायचा असेल तर टोकाला रबर हवंच.

२. वीस-तीस रुपयांची परीक्षा

इअरफोन घेण्याआधी हे करा. आपल्या उद्यमनगरात हातमोजे, गॉगल, गमबूट विकणारी सेफ्टीच्या सामानाची दुकानं आहेत. तिथे कारखान्यातले कामगार वापरतात ते केशरी किंवा पिवळ्या फोमचे इअरप्लग मागा. एक जोडी वीस-तीस रुपयांच्या आसपास मिळते.

पाकिटावर ‘एनआरआर २९’ वगैरे आकडा असतो. प्रयोगशाळेत इतके डेसिबल आवाज कमी झाला, असा त्याचा अर्थ. घरी तेवढा होत नाही, कारण आपण प्लग नीट बसवत नाही. साधारण १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो, हा हिशेब लक्षात ठेवा.

प्लग दोन बोटांत वळून वातीसारखा बारीक करा. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढा. कानाची नळी जरा वाकडी असते, ओढल्यावर ती सरळ होते. प्लग आत सरकवा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा, तो फुगून बसतो. मग तासभर तसेच राहा.

एवढ्यात तीन गोष्टी कळतात. तुमच्या घरात जास्तीत जास्त किती शांतता मिळू शकते, हे कळतं. कुठलाही स्वस्त इअरफोन याहून फारसं जास्त देणार नाही. फोम तुमच्या कानाला सोसतो की खाज सुटते, हेही कळतं. आणि दोन कानांत फरक आहे का, ते. माझा डावा कान उजव्याहून चांगलाच अरुंद निघाला. पस्तीस वर्षं तो कान माझ्याच डोक्याला आहे, पण मला पत्ता नव्हता.

३. पैसे कुठे घालायचे

समजा हातात १५०० रुपये आहेत. त्यातले अकराशे-बाराशे इअरफोनवर आणि तीन-चारशे सुट्या रबरांवर घाला. सगळे पैसे इअरफोनवर घालून खोक्यात आलेलं रबर मुकाट्याने वापरायचं, ही माझी पहिल्या तिन्ही वेळची चूक.

वायरचा घ्यायचा की बिनवायरचा? त्याच किमतीत बिनवायरच्याचे बरेच पैसे बॅटरी आणि ब्लूटूथमध्ये जातात. त्याची चिमुकली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि बहुतेकांत ती बदलता येत नाही. टेबलापाशी बसून काम किंवा अभ्यास असेल तर वायरचाच घ्या. चालता-फिरता हवा असेल तर तुमची मर्जी.

गाण्याच्या स्टेजवर गायक-वादक कानात घालतात तसे, वायर कानावरून मागे नेण्याचे इअरफोन आता हजार-दोन हजारांत मिळतात. केझेड, मूनड्रॉप अशा चिनी कंपन्यांनी ही किंमत खाली आणली. घेताना वायर निघते का ते बघा. मूनड्रॉपच्या पहिल्या ‘चू’ची वायर निघत नव्हती, ‘चू २’ची निघते. वायर पिनेपाशीच तुटते, आणि निघणारी असली की दोन-तीनशेत नवी येते. शूरचा एसई २१५ बाहेरचा आवाज ३७ डेसिबलपर्यंत अडवतो असं कंपनी म्हणते, पण तो आपल्या बजेटच्या पार पलीकडे. गंमत म्हणजे खोल बसणाऱ्या रबराची ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीने १९९१ मध्ये ‘ईआर-४’ आणला, तेव्हा त्याला एकामागे एक तीन छत्र्यांचं रबर होतं. तसलं तीन छत्र्यांचं रबर आज सुटं, स्वस्तात मिळतं. मी घालून पाहिलं. आवाज फारच छान अडतो, पण कानात काडी घातल्यासारखं वाटतं. दहा मिनिटांत काढलं.

फोनला गोल पिनेचं भोक नसेल तर टाइप-सीचा कन्व्हर्टर लागेल. हाही एक सापळा. काही स्वस्त कन्व्हर्टरमध्ये आवाज तयार करणारी चिप नसतेच, आत नुसत्या तारा जोडलेल्या असतात. ते काही फोनवर चालतात, काहींवर मुके राहतात. या चिपला ‘डॅक’ म्हणतात. ‘डॅक आहे का’ असं विचारा आणि दुकानातच स्वतःच्या फोनला लावून बघा.

४. दुकानात जाताना

सोबत न्यायचं :

- चार्ज केलेला स्वतःचा फोन, आणि लागत असेल तर कन्व्हर्टर
- फोनमध्ये उतरवून घेतलेलं, तुम्हाला पाठ असलेलं एक गाणं आणि एक नुसत्या बोलण्याचं रेकॉर्डिंग
- डेमोचा इअरफोन कानात घालण्याआधी पुसायला स्पिरिट आणि कापूस
- असतील तर आपल्या मापाची सुटी रबरं

राजारामपुरीत गल्लोगल्ली मोबाइलची दुकानं आहेत, दोन-चार फिरा. शनिवारी-रविवारी संध्याकाळी नको, गर्दीत कुणी डेमो देत नाही. आणि दुकानदाराने लावलेल्या गाण्यावर भाळू नका. तो धडाम धडाम बेसचं गाणं मोठ्याने लावतो आणि आपली मान हलायला लागते. तुमचं स्वतःचं रेकॉर्डिंग मध्यम आवाजात ऐका, रस्त्यावरची वाहतूक किती ऐकू येते ते बघा.

हातात घेऊन बघायचं ते नळीचं टोक, म्हणजे ज्यावर रबर बसतं तो भाग. तो जितका बारीक आणि थोडा तिरका, तितका कानाला सोसवतो. माझ्या ११०० च्या इअरफोनची नळी जाड होती. रबर कुठलंही घाला, अर्ध्या तासात कानाच्या तोंडाशी ठणका. मग मी तो खाली मिस्त्रींकडे घेऊन गेले. त्यांनी व्हर्निअर लावून सांगितलं, “वैनी, सहाला जरासं कमी हाय बघा.” म्हणजे जवळजवळ सहा मिलिमीटर, माझ्या डाव्या कानाला ते झेपणारच नव्हतं. आताच्याची नळी पाच मिलिमीटरच्या आत आहे. उद्यमनगरात ओळख असेल तर हे माप फुकट मिळतं, आणि सुटी रबरं मागवताना उपयोगी पडतं, कारण रबराच्या आतल्या भोकाचंही माप असतं. सैल रबर कानातच राहतं आणि इअरफोन तेवढा हातात येतो. मग चिमटा, आरसा आणि घाम.

बाहेरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतील. आतल्या पडद्याला हवा खेळायला ती ठेवलेली असतात. त्यातून थोडा आवाज आत येतो, पण चिकटपट्टी लावून ती बंद करू नका, आवाजाची चव बिघडते.

आणि पैसे देण्याआधी एकच प्रश्न : “बसला नाही तर परत घेणार का?” बऱ्याच ठिकाणी कानात घातलेला माल परत घेत नाहीत. माझे २,९९९ असेच गेले. “तसं नियमात नाही” म्हणाले आणि विषय संपला. घेतो म्हणाले तर बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन घेताना ‘रिटर्न’ आणि ‘रिप्लेसमेंट’ यांतला फरक वाचा. रिप्लेसमेंट म्हणजे पैसे नाहीत, तोच माल पुन्हा. बिल आणि वॉरंटीचं कार्ड यांचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. बिलाची शाई वर्षभरात उडते.

५. रबर बसवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

खोक्यात बहुधा तीन मापं येतात : लहान, मध्यम, मोठं. मध्यम आधीच बसवलेलं असतं आणि दहातले नऊजण ते कधी काढतच नाहीत. तसं करू नका. एक संध्याकाळ काढा, सगळी रबरं थाळीत मांडा आणि एकेका कानाचा वेगळा विचार करा. उजव्यात मध्यम, डाव्यात लहान असं निघालं तर त्यात काही चुकीचं नाही. चप्पल दोन्ही पायांना एक मापाची घेतो म्हणून कानालाही तसंच, असं नसतं.

घालायची रीत इअरप्लगचीच. विरुद्ध हाताने कानाची वरची कड वर-मागे ओढायची, इअरफोन जरा फिरवत आत न्यायचा आणि कड सोडायची. मग :

- “ऊऽऽ” म्हणा. स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमला तर बूच बसलं.
- कानाजवळ बोटं चोळा. खसखस ऐकू आली तर बसलं नाही.
- गाणं लावा. बेस गायब आणि नुसतं चिरचिर ऐकू येत असेल तर कुठेतरी फट आहे. इअरफोन वाईट आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका.
- जबडा हलवा, चणे खाल्ल्यासारखं करा. बूच सुटत असेल तर एक माप वर जाऊन बघा.

दुखण्याचेही दोन प्रकार. कानाच्या तोंडाशी सगळीकडून दाबल्यासारखं दुखलं तर रबर मोठं. आत एकाच जागी टोचलं तर रबर बहुधा लहान आहे, कारण ते बसत नाही म्हणून आपण इअरफोन आत आत ढकलत राहतो आणि नळीचं टोक लागतं. मी सहा महिने लहान रबर घालून ढकलत होते आणि ‘माझे कानच नाजूक’ म्हणून स्वतःला दोष देत होते.

सिलिकॉनने काम झालं तर उत्तमच, ते धुता येतं आणि टिकतं. नाही झालं तर फोमचं रबर घ्या. ते दाबून घालायचं, अर्धा मिनिट थांबायचं, ते कानाच्या आकाराने फुगतं. त्याने आवाज जास्त अडतो, दाब कमी जाणवतो. तोटा असा की दोन-चार महिन्यांत त्याचा फुगवटा जातो, आणि गाण्यातली वरची चिकचिक थोडी दबते. बोलणं ऐकण्याच्या कामाला मला तर ते बरंच वाटलं. मी तीन जोड्या साडेतीनशेला घेतल्या. उजव्यात सिलिकॉन आणि डाव्यात फोम असा संसार चालू आहे.

पहिले चार दिवस दिवसातून तासभरच घाला. कानाला सवय होते. आठवड्यानंतरही दुखत असेल तर सवयीची वाट बघू नका, माप किंवा इअरफोन बदला.

६. कानातले, चष्मा, वायर

हे मला कुठेच वाचायला मिळालं नाही, म्हणून बायकांसाठी खास. वायर कानावरून मागे नेण्याचा इअरफोन घेणार असाल आणि बुगडी किंवा कानाच्या वरच्या कडेला बाळी असेल, तर वायर तिथेच अडकते. कुड्यांची अडचण नाही, वेल मात्र वायरीत गुंततात. मी कामाला बसताना बुगडी काढून ठेवायला लागले. सणावाराच्या दिवशी जुना, सरळ खाली लोंबणाऱ्या वायरचा वापरते. चष्म्याची काडी आधी, वायर तिच्यावरून. उलट केलं तर कानामागे वळ उठतो.

वायर कानावरून नेण्याचा मोठा फायदा म्हणजे ती कपड्याला घासल्याचा खरखर आवाज कानात येत नाही. सरळ लोंबणारी वायर असेल तर ओढणीला किंवा खिशाला चिमटा लावा.

७. आवाज किती

बूच नीट बसलं की आवाज आपोआप कमी ठेवला जातो, कारण गोंगाटावर मात करायची गरज उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा : ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, ९० असेल तर आठवड्याला फक्त ४ तास. दहाने वाढला की वेळ दहापट घटते. बऱ्याच फोनमध्ये आता आवाजाची मर्यादा घालता येते. ती घाला, आणि मुलांच्या फोनवर तर आधी.

गणपतीत डॉल्बीसमोर इअरफोन लावून उभं राहून ‘माझे कान बंद आहेत’ असं समजू नका. तिथे केशरी प्लग लावा आणि शक्यतो बाजूच्या गल्लीत जा. स्कूटरवर, रस्ता ओलांडताना, रुळांजवळ दोन्ही कान बंद नकोत. रंकाळ्यावर फिरतानाही मी एकच कान वापरते, मागून सायकलवाली पोरं येतात.

८. निगा

सिलिकॉन आठवड्याला कोमट पाण्यात साबणाने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. फोम फक्त कोरड्या फडक्याने पुसा. नळीवरच्या जाळीत मळ साठला तर इअरफोन उलटा धरून मऊ ब्रशने झटका. एका बाजूचा आवाज कमी झाला की बहुतेक वेळा हेच कारण असतं.

पावसाळ्यात जरा जपा. आपल्याकडची हवा तेव्हा महिनोन्‌महिने दमट असते, आणि बंद, ओल्या कानात बुरशी सहज धरते. अंघोळीनंतर लगेच घालू नका. तासा-दीड तासाने काढून कानाला हवा लागू द्या. कान वाहत असेल, ठणकत असेल किंवा औषध घातलेलं असेल तर इअरफोन बंद आणि नाक-कान-घशाचे डॉक्टर. काडेपेटीची काडी आणि केसातला आकडा यांना कानात जागा नाही. इअरफोन घरातल्या घरातही वाटून वापरू नये. अगदीच द्यायचा झाला तर रबर बदलून द्या.

९. घरच्यांना सांगून ठेवा

हे हसण्यावारी नेऊ नका. बूच नीट बसल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी दूध उतू घालवलं, गॅसवाला बेल वाजवून परत गेला, आणि आत्यांनी चार हाका मारल्यावर त्यांना वाटलं मी रागावून बोलत नाही. दोन दिवस घरात अबोला. शेवटी ठरलं असं : मी खोलीत असले की आत्या बाहेरून ट्यूबलाइटचं बटण चालू-बंद करतात. एकदा केलं तर चहा, दोनदा केलं तर लगेच ये. लाइट गेलेली असेल तेव्हा मी डावा कान उघडा ठेवते.